उत्कृष्ट पकड

माझी किटबॅग सात वर्षं उजव्या कोपऱ्याच्या घरी माळ्यावर पडून होती. २०२० च्या मार्चमध्ये त्यानं ती आणून दिली. उंबऱ्यावर ठेवली, म्हणाला, "बघून घे, मी उघडलेली नाही," आणि चहा न पिता गेला.

उजवा कोपरा म्हणजे माणूसच. आमच्या कबड्डी मंडळात आम्ही एकमेकांना मैदानातल्या जागेवरून हाक मारतो. इथं कुणाचं नाव लिहायचं नाही असं मी ठरवलंय, त्यामुळे ही सवय उपयोगी पडेल. मी डावा कोपरा.

बॅगेत एक हाफपँट, तिला वाळलेली माती. गुडघ्याच्या दोन टोप्या, इलॅस्टिक मेलेलं. चिकटपट्टीचा अर्धा रोल. आणि तळाशी एक पाकीट, त्यावर निळ्या पेनानं लिहिलेलं: उत्कृष्ट पकड. आत पाचशेच्या तीन नोटा, जुन्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या बाद झाल्या तेव्हा मी कळंब्याच्या जेलमध्ये होतो आणि माझ्या नावावर बाहेर दीड हजार रुपये आहेत हे मी साफ विसरलो होतो. हे बक्षीस मला ज्या रात्री मिळालं, त्याच रात्री पहाटे पोलिसांनी मला घरातून उचललं.

ज्यांनी मंडळांची कबड्डी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे दिवाळीनंतर प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू होतात. गल्लीच्या तोंडाशी किंवा शाळेच्या पटांगणात माती चाळून मैदान करायचं, चारी बाजूंनी गॅलरी, हॅलोजन, आणि माईकवर एक माणूस जो रात्रभर गप्प बसत नाही. शेवटी करंडक, आणि दोन पाकिटं ठरलेली: एक उत्कृष्ट चढाईचं, एक उत्कृष्ट पकडीचं. चढाईवाल्याचे फोटो निघतात. पकडवाला बहुतेक वेळा जमिनीवर आडवा असतो, तोंडात माती, त्याचा फोटो कोण काढणार. पण जाणकार लोक कोपऱ्याकडंच बघतात. माझे वडील बघायचे. दिवसभर यंत्रमागावर उभे राहून रात्री पुन्हा गॅलरीत उभे.

मी चवडा काढायचो, म्हणजे चढाईपटूचा घोटा धरून त्याला अडवायचो. चढाईपटू बोनस घ्यायला पाय आत टाकतो तेव्हा नियमानं त्याचा मागचा पाय हवेत हवा. म्हणजे तेवढ्या क्षणापुरतं त्याचं सगळं वजन एका पायावर असतं, आणि वजन असलेला पाय माणसाला उचलता येत नाही. बघायचं ते तेवढंच. तोंडाकडं बघायचं नाही, हाताकडं बघायचं नाही, हूल देतो तो खांद्यानं देतो, पाय खोटं बोलत नाही. राज्य संघाच्या शिबिरापर्यंत गेलो होतो. शेवटच्या बाराजणांत नाव आलं नाही, ते न्यायाचंच होतं; माझ्यापेक्षा चांगला डावा कोपरा त्या शिबिरात होता. पण पाच टक्के खेळाडू आरक्षणातून कुठंतरी चिकटेन, पोलिसात नाहीतर आणखी कुठं, असं घरी सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्याच हिशेबानं बहिणीचं स्थळ बघणंही सुरू होतं.

जानेवारी २०१३. अंतिम सामना आम्ही जिंकलो, दोन गुणांनी, शेवटच्या एका निर्णयावरून. लॉबीत, म्हणजे कडेच्या पट्टीत, पाय गेला की नाही यावरून समोरच्या गावचे लोक पंचांवर आले. नेहमीचं आहे, शिव्या होतात, ढकलाढकली होते, मंडळाचे अध्यक्ष मधे पडतात, संपतं. बक्षीस समारंभ झाला. आम्ही मांडवाच्या मागं पाणी प्यायला गेलो तर तिथं चार-पाच पोरं उभी होती. त्यातला एक, २४ वर्षांचा, माझ्याच वयाचा, आमच्या चढाईपटूच्या अंगावर आला.

मी मागून त्याला कंबर पकड घातली.

पोलिसांना, वकिलाला, आईला, बिंदू चौकाच्या सबजेलमध्ये शेजारी झोपणाऱ्याला मी जे सांगितलं ते एकच वाक्य होतं: "मी फक्त धरला होता." वाक्य खरं आहे. मारलं चढाईपटूनं, मांडवाच्या वाशानं. दोनदा. पोरगा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला.

कलम ३०२ लागलं, सोबत ३४. कोर्टात ३०२ चं ३०४ भाग दोन झालं, म्हणजे ठार मारायचा इरादा नव्हता पण याने मरू शकतो याची जाणीव होती. ३४ मात्र जागेवर राहिलं. समान इरादा. (आता कायद्याचं पुस्तक बदललं, ३४ ला ३(५) म्हणतात. आतल्या लोकांच्या तोंडी अजून ३४ च आहे.) मला आणि चढाईपटूला सारखीच सजा, सात वर्षं सक्तमजुरी. निकाल ऐकताना मला संताप आला तो त्या 'सारखी'चा.

मधे जामीन झाला होता. सात महिने आत काढून ऑगस्ट २०१३ ला बाहेर आलो आणि जून २०१५ च्या निकालापर्यंत घरी होतो. नेमक्या त्याच काळात प्रो कबड्डी आली. २६ जुलै २०१४, वरळीच्या डोममध्ये पहिला सामना. जिंदगीभर ज्या खेळाला लोक 'हुतुतू काय' म्हणून हसले तो खेळ टीव्हीवर, रंगीत मॅटवर, बूट घालून. पहिल्या लिलावात राकेश कुमारला पाटण्यानं १२ लाख ८० हजारांना घेतलं तेव्हा आमच्या गल्लीत लोक आकडा पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी दार लावून बघायचो. खुळ्यासारखं प्रत्येक संघाचा डावा कोपरा बघायचो. २०२२ च्या लिलावात फझल अत्राचली, इराणचा, डावा कोपरा, पुणेरी पलटणकडं १ कोटी ३८ लाखांना गेला. पकडवाल्याला कोटी! वडील हयात असते तर म्हणाले असते, बघ, मी सांगत होतो. आणि मग गप्प बसले असते.

जेलबद्दल लोकांना मारामाऱ्या ऐकायच्या असतात. माझ्याकडं तसलं फार काही नाही. पहाटे गिनती, संध्याकाळी गिनती, जोडीजोडीनं उकिडवं बसायचं. रात्रभर बरॅकीत दिवा चालू. पक्क्या कैद्याला पांढरे कपडे नि टोपी. अंबाबाईच्या देवळातले प्रसादाचे लाडू त्या काळात कळंब्यात वळले जायचे, ही गोष्ट बाहेरच्यांना फार आवडते, म्हणून तीही सांगून टाकतो. मी त्या कामात नव्हतो. मी मुक्त विद्यापीठाचं बीए केलं. ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती, पदवीला माफी मिळते, म्हणजे सजेतले दिवस कमी होतात.

आमच्या बरॅकीत एक म्हातारबा होते, बाहेर असताना कोर्टात अर्ज लिहून द्यायचे, आतही तेच करायचे. सगळे त्यांना अर्जमास्तर म्हणायचे. अपिलाचा मजकूर सांगताना मी माझं वाक्य म्हणालो. त्यांनी लिहिणं थांबवलं नाही.

"तू कबड्डीवाला ना? साखळीत माणूस धरला, एकानं हात, एकानं पाय. गुण कुणाला?"

"संघाला."

"मग. ३४ म्हंजे तेच की लेका."

मला राग आला. चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. राग आला कारण त्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. वासा घेऊन तो येताना मला दिसला होता. पहिला फटका बसला तेव्हा पोरगा माझ्या हातांत ढिला पडला, धडपड थांबली. तिथं सोडता आलं असतं. मी आवळलं. समोरचा ढिला पडला की आवळायचं, कारण ढिला पडून झटका देतात आणि रेषेला हात लावतात. बारा वर्षांचा असल्यापासून हेच शिकलो होतो. सबब म्हणून सांगत नाही. दुसरा फटका माझ्या हातांत असताना बसला, एवढंच. हे कोर्टात कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आत कबड्डी होते. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला बरॅकीबरॅकीत सामने, मातीवरच. मी येतो म्हटल्यावर सगळे खूश, राज्याच्या शिबिरातला माणूस मिळाला. मी म्हटलं गुण लिहायला बसतो. गुडघ्याचं कारण सांगितलं. पाच वर्षं गुण लिहिले. २०१८ ला जाकार्तात, आशियाई स्पर्धेत, इराणनं आपल्याला उपांत्य फेरीत हरवलं, १९९० पासून सलग सात सुवर्णं आणि आठव्याला ब्राँझ. पेपर आला त्या दिवशी बरॅकीत कुणाचं अपील फेटाळल्यासारखी शांतता. दोन जणांनी मला येऊन विचारलं, असं कसं झालं. जसं काही मी निवड समितीत होतो.

वडील २०१७ ला गेले. अभिवचन रजेवर, म्हणजे पॅरोलवर, आलो, रोज पोलीस ठाण्यात हजेरी. दहावं-बारावं उरकून दिलेल्या तारखेला परत. त्याबद्दल याहून जास्त लिहिता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा आई शाळेत राहायला गेली होती हे मला पाणी उतरल्यावर कळलं.

फेब्रुवारी २०२० ला माफीचे दिवस धरून सुटलो. चार आठवड्यांत देश बंद. आयुष्यात एवढा हसलो नव्हतो, मनातल्या मनात. गल्लीतले लोक चौथ्या दिवशी कासावीस झाले, दादा खोलीत येरझाऱ्या घालायला लागला, आणि मी सगळ्यांना सांगतोय की वेळापत्रक करा, सकाळी अंघोळ चुकवू नका, दुपारी झोपू नका, रात्री जड जातं. माग बंद होते. इचलकरंजीत मागाची खडखड नाही म्हणजे कानात दडे बसल्यासारखं होतं. मला तेवढी शांतता सोसेना, रेडिओ लावून ठेवायचो. झोपताना दिवाही चालूच लागायचा. वहिनीनं वीजबिलाबद्दल कधी शब्द काढला नाही. माझं ताट वेगळं ठेवलं नाही. पण पुतणीला माझ्याबरोबर एकटी कुठं पाठवायची नाही, अजूनही नाही, आणि मी त्यावर काही बोललेलो नाही. पोरगी सात वर्षांची होती, कळायला लागल्यापासून तिनं मला त्याआधी दोनदाच बघितलेलं.

बाहेरच्या गोष्टी शिकाव्या लागल्या. मी गेलो तेव्हा चहावाल्याला सुट्टे द्यायचे, आलो तर गाड्यावर चौकोनी ठिपक्यांचा कागद. बँकेचं खातं झोपलेलं. ते उठवायला आधार, आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा, नंबर कधीच बंद झालेला. आणि प्रत्येक ठिकाणी अर्जात एक रकाना: आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय. सरकारी नोकरीचा विषय संपला होताच. एका खासगी शाळेनं खेळाच्या मास्तरांना मदतनीस म्हणून घेतो म्हटलं, मैदानावर आठवडाभर माझं काम बघितलं, पसंतही पडलं, मग चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. मीच दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्यांनीही फोन केला नाही.

शेवटी मागावरच गेलो, वडिलांच्या जागी म्हणा. रात्रपाळी, आठ माग, मीटरवर मजुरी. तार तुटली की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू. मला आवडतं ते काम. आठपैकी कुठला थांबला ते न बघता कळतं. पहाटे पाळी सुटते तेव्हा कापसाचे तंतू भुवयांवर बसलेले असतात आणि मी तसाच मैदानावर जातो.

मैदान उजव्या कोपऱ्यानं लावून दिलं. मंडळाची पोरं तो शिकवायचा, त्याच्या दुकानाचा व्याप वाढला, म्हणाला सकाळचं तू बघ. पहिल्या दिवशी नऊ पोरं होती, आठवड्यानं चार. कुणी काही बोललं नाही, नुसती यायची बंद झाली. मग हळूहळू परत आली, आज सोळा आहेत. स्पर्धेच्या अर्जावर प्रशिक्षक म्हणून नाव उजव्या कोपऱ्याचं जातं. मीच सांगितलंय तसं. अर्जावरच्या नावावरून कुणा पोराची निवड अडायला नको.

एकदा मी त्याला म्हटलं, त्या मेलेल्या पोराच्या घरी जाऊन यावं वाटतं. चिठ्ठी लिहिली होती, चार पानांची. त्यानं वाचली नाही. म्हणाला, "तुला बरं वाटायला पाहिजे म्हणून त्यांच्या दारात जाणार काय?" चिठ्ठी फाडली. त्या गावावरून जाणारी एसटी मी घेत नाही, लांबच्या रस्त्यानं जातो. मी समोर यावं की न यावं हे त्यांनी ठरवायचं, मला वाटतं म्हणून होणारी ती गोष्ट नव्हे.

पोरांना टीव्हीमुळं सगळं येतं, म्हणजे शब्द येतात. सुपर टॅकल, डू ऑर डाय. २०२४ ला पुणेरी पलटण जिंकली, तेव्हापासून निम्म्यांच्या अंगावर भगवा टी-शर्ट आहे आणि प्रत्येकाला अस्लम इनामदारसारखी चढाई करायची आहे. कोपऱ्यात उभं राहायला कुणी तयार नसतं. एकच आहे, बारा वर्षांचा, बुटका, मनगटं जाड. त्याचे डोळे बरोबर पायावर असतात. शिकवावं लागलं नाही. त्याला मी चवडा शिकवला. बुबुळ हलू द्यायचं नाही. झेप घेताना डोकं त्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, आत राहिलं तर त्याचा गुडघा तुझ्या कानशिलावर. दोन्ही हात घोट्याच्या वर, आणि ओढून छातीशी. पाय तुझ्या छातीला लागला की तो तुझा. आणि शिट्टी झाली की हात उघडायचे, दोन्ही, तळवे दिसले पाहिजेत मला.

हे शेवटचं कुठल्या पुस्तकात नाही, माझं आहे. पोरं हसतात. शिट्टी झाली की सगळा बचाव हात वर करून तळवे दाखवतो, पोलीस आल्यासारखा.

गेल्या महिन्यात त्या बुटक्यानं एकाचा चवडा काढला, सुंदर, मी स्वतः असाच काढायचो. शिट्टी दिली. त्यानं सोडला नाही. समोरचा पोरगा हात आपटत होता. मी दुसरी शिट्टी दिली, मग धावत गेलो आणि त्याची बोटं एकेक करून उघडली. काय बोललो आठवत नाही. मोठ्यानं बोललो असणार, कारण शेजारच्या चाळीतून लोक बाहेर आले. तीन दिवस मैदानावर येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची आई त्याला घेऊन आली. कांड्या भरायला जाते ती, आमच्या मागांपासून दोन शेड सोडून. पदराला कापूस तसाच.

"सोडलं न्हाई म्हणून तीन दिवस घरी? धर म्हणून तुम्हीच सांगताय, आन धरलं की सोड म्हणताय."

"शिट्टी झाल्यावर."

"ल्हान हाय ते."

"म्हणूनच."

ती जरा थांबली. बाकीची पोरं मैदानाला पाणी मारत होती, तिच्याकडं बघत बघत.

"तुम्ही आत होता न्हवं?"

"होय."

"लोकं काय काय सांगत्यात. कशापायी होता?"

ते जुनं वाक्य जिभेवर आलं. बारा वर्षं म्हटलेलं, आपोआप येतं.

"एकाला धरलेलं," मी म्हणालो. "दुसऱ्यानं मारलं. मला सोडता आलं असतं. सोडलं न्हाई."

तिनं पोराकडं बघितलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मग तिनं पदराचा कापूस काढला, बोटांत गोळी केली, टाकली.

"तीन दिस म्हंजे शुक्रवारी. किती वाजता पाठवू?"

"सहाला. गुडघ्याला टोप्या घालून. काल बिनटोपीचा आला होता."

"टोप्या न्हाईत त्याच्याकडं."

"शाळेचे जुने मोजे असतील ना, लांब? त्यांचे पंजे कापा आन वरचा भाग द्या बरोबर. दोन-दोन एकावर एक घातले की चालतंय."